खलबत्त्यानं अडवलेलं दार

सताडबाईंचं दार दिवसभर सताड उघडं असायचं, तेही लोखंडी खलबत्त्यानं अडवून. नाव अर्थात आम्ही बिल्डिंगवाल्यांनी ठेवलेलं. करंजाड्याला आमच्या मजल्यावर त्या एकट्याच भाड्यानं राहायच्या, साड्यांना फॉल-बिडिंग करायच्या. मांजर आत शिरायचं, सेल्समन डोकावायचे, बाईंचं काही म्हणणं नसायचं. कुणी टोकलं तर म्हणायच्या, “दार उघडं असलं की घर माझं असतं.”

मी तेव्हा साठीची तरुणी. नुकतीच रिटायर झालेली, त्यामुळे जग सुधारायचं खातं माझ्याकडेच आलंय अशा समजात. पूर्वी बाईंचा नवरा ड्यूटीवर जाताना त्यांना बाहेरून कडी घालून कोंडायचा, हे त्यांनीच एकदा सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं होतं. मी हळहळले आणि घरी येऊन कुकर लावला. एवढंच काय ते माझं समजणं.

एका दुपारी त्यांना ताप भरला. मी पेज पाजली, गोळी दिली. त्यांचा डोळा लागल्यावर भाजीला निघाले आणि आपण सगळ्याच करतो ते केलं. झोपलेल्या माणसाला दार लावायला कशाला उठवा, म्हणून खलबत्ता सरकवला, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. वर स्वतःवर खूशही झाले.

परत आले तर आतून हाक नाही की ओरडा नाही. फक्त दारावर नखं घासल्याचा आवाज. मी कडी काढली. ती वाजली तशा बाई मागे पळाल्या आणि ओट्याखाली, सिलिंडरला चिकटून बसल्या. “भाजी करपणार नाही, परत नाही करपणार,” म्हणत राहिल्या. बघत माझ्याकडेच होत्या, पण दिसत मी नव्हते. मग माझ्या हुशारीचा पुढचा अंक. मी ओट्याखाली घुसून त्यांना मिठी मारली, “तो मेला गेला आता, विसरा ते!” त्यांनी असं ढकललं की मी थेट कांद्यांच्या टोपलीत. तिथं बसल्यावर डोक्यात उजेड पडला, की त्यांच्या आणि दाराच्या मधे मीच आहे.

बाजूला सरकले. हात मांडीवर ठेवून हळूहळू सांगत राहिले, की हे करंजाडं आहे, दुपार आहे, मी शेजारची काकू आहे, दार उघडं आहे. पुन्हा पुन्हा तेच. बऱ्याच वेळानं त्यांची नजर दारापर्यंत पोचली.

“विसरा म्हणता, काकू,” चहा पिताना त्या म्हणाल्या. “मी आठवत नाही बसत. कडी वाजली की मी तिथंच असते.”

त्यानंतर दार सताड असलं तरी मी बाहेर उभी राहून विचारायची, “येऊ का?” कधीकधी त्या नको म्हणायच्या. ते ‘नको’ पचवणं मला फार जड गेलं, पण पचवलं.

बाई बहिणीकडे दिघ्याला कायमच्या निघाल्या तेव्हा टेम्पो खाली उभा होता. रिकाम्या घराचं दार त्यांनी स्वतः ओढलं. कडी घातली. काढली, पुन्हा घातली. मी हात पुढे केला नाही. तेवढं एव्हाना जमायला लागलं होतं.

मग खलबत्ता उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “आता आत कुणी नाही, काकू.”