संगणकाचे सर

“काऊन चालू ठेवलास बे? तिकडं कोळसा जळून राहिला ना!” असं म्हणत आमचे संगणकाचे सर पोराच्या खांद्यावरून हात लांबवून मॉनिटर बंद करायचे. तिरोड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या वर्गाच्या खिडकीतून दिसत. ‘तिकडं’ म्हणजे कुठं, हे वेगळं सांगावं लागत नसे.

सर कंत्राटी होते, कामठ्याहून मोटारसायकलनं येत. मी मराठी शिकवायची. दहा संगणकांपैकी नऊ त्यांनी चालू ठेवले होते. एकाचे भाग दुसऱ्याला लावून, रंगाच्या ब्रशनं धूळ झाडून.

एकदा नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, हे जुनं झालं. नवीन काऊन नाही आणत?”

“तुझी आजी जुनी झाली, तर बदलून आणतेस काय?”

वर्ग हसला. ती मुलगी सगळ्यांत जास्त हसली.

मग सरांचं कंत्राट संपलं, आणि जुने संगणक शाळेतून काढायचं ठरलं. जाताना सरांनी अर्ज दिला की, हे नऊ संगणक केशोरीच्या शाळेला द्या, मी स्वतः बसवून देतो. मुख्याध्यापक म्हणाले, “नियमात नाही बसत, सर.” संगणक भंगारात गेले.

काही दिवसांनी सर अनुभवाचा दाखला न्यायला आले. शाळेमागच्या नाल्याकाठी त्यांना राख दिसली. आतलं तांबं काढायला कुणीतरी भंगारातल्या वायरी जाळल्या होत्या. दाखला राहिला बाजूला. ते नववीच्या पोरांना घेऊन तिथं गेले.

“नाक झाका. हात नका लावू. पाऊस आला का हे सारं या नाल्यातून धानाच्या बांधीत जाते. तोच भात आपण खातो.”

एका वितळलेल्या कीबोर्डापाशी ते थांबले.

“सर, तुम्ही रडून राहिले काय?” त्याच मुलीनं विचारलं.

“धूर गेला डोळ्यात.”

राख केव्हाचीच थंड झाली होती.

पुढं त्यांना रायपूरला नोकरी लागली. आणि हिवाळ्यात एका दुपारी, मधल्या सुट्टीत, शाळेत फोन आला. ट्रकची धडक. सर जागीच गेले.

पुढचा तास नववीचा, संगणकाचा होता. नवे शिक्षक आले नव्हते, म्हणून मला पाठवलं. पोरांना अजून कुणी सांगितलं नव्हतं. मी खुर्चीवर बसते न बसते तोच ती मुलगी उभी राहिली.

“मॅडम, सर दिवाळीत येतो म्हणले होते. आले नाही. आता कधी येतील?”

मी संगणकाचं पुस्तक उघडलं. कोणतं पान, तेही तिनंच येऊन दाखवलं.