शेळीने खाल्लेला किरीट

लातूर जिल्हा नवा झाला आणि पावसाने पाठ फिरवली, दोन्ही एकाच सुमारास. मी चाकूरजवळच्या शाळेत दहावीला होते. नव्या जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी बाकीच्या मुलींना बंधारे मिळाले. मला गुरुजींनी सूर्याची अंतर्रचना दिली.

"आधीच एक वर हाय," माझे वडील, अण्णा, म्हणाले, "आनखी दुसरा कशाला करायलीस?"

पण नंबर आला तर अकरावीला लातूरला पाठवतो, असेही तेच बोलले. न आल्यास शाळा बंद.

मोठे मडके अर्धे फुटले होते, त्याचा सूर्य केला. आत चुन्याचा पांढरा गाभा, भोवती हळदीचे पट्टे. काठावर चहाच्या पुड्यातला चांदीचा कागद, तो दीप्तिगोल, म्हणजे सूर्याचा डोळ्यांना दिसणारा झगझगीत पृष्ठभाग. त्याला लागून कुंकवाचा वर्णगोल. सर्वांत बाहेर किरीट, म्हणजे सूर्याभोवतीचे प्रभामंडळ. त्यासाठी कडबा चिरून हळदीत रंगवला आणि पिठाच्या खळीने चिकटवला. दुष्काळात कडबा आणि पीठ एकत्र, हे चूक आहे असे गुरुजींच्याही ध्यानात आले नाही.

लातूरला निघालो ते टेम्पोतून. चारा नव्हता म्हणून गावातल्या शेळ्याही त्यातूनच बाजाराला निघाल्या होत्या. अण्णांचा डोळा लागला. मी भाषण पाठ करत होते. उतरताना पाहते तर किरीट नाही. एक शेळी समाधानाने तोंड हलवत होती आणि तिची दाढी पिवळी झाली होती.

परीक्षकांनी विचारले, "किरीट कुठाय?"

मी रडकुंडीला आले होते, तरी पुस्तकात होते तेच बोलले. "आहे सर. दीप्तिगोलाच्या उजेडात दिसत नाही. खग्रास ग्रहणात दिसतो."

"मग लाव ग्रहण."

अण्णांनी फडके सोडले आणि शिदोरीतली ज्वारीची भाकर मडक्यासमोर धरली. चांदीचा कागद झाकला गेला. कडेने, शेळीच्या दातांना न पुरलेली पिवळी खुंटे खरोखर उठून दिसली.

परीक्षक भाकरीकडे बघत राहिले. "पृष्ठभाग सहा हजार अंश आणि किरीट लाखोंच्या घरात. बाहेरचा भाग जास्त तापतो, ते कसं?"

"ते अजून कोणालाच नक्की माहीत नाही, सर."

"बरोबर," ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकला. चंद्राला कोर पडली.

मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. बाहेर आल्यावर अण्णांनी विचारले,

"उत्तेजनार्थ म्हंजी कितवा?"

"तिसऱ्याच्या नंतरचा."

"म्हंजी मोजलंय तुला." त्यांनी उरलेली भाकर बांधून ठेवली. "चल, वसतिगृहाचं इचारून घेऊ. टेम्पोला येळ हाय."

पुढे मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली. अण्णा मात्र गावात वेगळेच सांगत: साऱ्या दुनियेला जे येत न्हाई, ते माझ्या पोरीला दहावीतच येत नव्हतं.