जनरेटर बंद केला तरी

आज अंबरनाथला आमच्या सोसायटीचा जनरेटर सुरू झाला आणि डिझेलच्या वासानं मला उल्हासनगरच्या त्या मैदानावर नेलं. तेव्हा मी कॉलेजात होते. माझी आवडती रॉक गायिका रेश्मा तिथे गाणार होती. घरून परवानगी नव्हती, तरी मी गेले.

कारखान्यांच्या धुरावरचं तिचं गाणं सुरू झालं, तसे आयोजक स्टेजवर आले. "हे सोडून दुसरं गा," ते म्हणाले. पुढच्या खुर्च्यांवर मोरिवलीचे कारखानदार बसले होते. रेश्मा थांबली नाही, म्हणून आयोजकांनी जनरेटरच बंद केला. माईक गेला, गिटारचा आवाज गेला. रेश्मा खाली आमच्यात आली आणि तेच गाणं पहिल्यापासून गाऊ लागली. ड्रमवाल्यानं ठेका सोडला नाही. आम्हीही सूर धरला.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात पडला. पप्पा मोरिवलीच्या कारखान्यातली ड्यूटी संपवून थेट मला न्यायला आले होते.

"चल घरी."

"गाणं संपल्याशिवाय येणार नाही, पप्पा."

मी त्यांना पहिल्यांदाच उलट बोलले होते. ते जरा वेळ ऐकत राहिले. गाण्यातल्या त्याच धुरानं त्यांना रात्र रात्र खोकला यायचा.

"लाईट कोणी घालवली?" त्यांनी विचारलं.

मी पुढच्या खुर्च्यांकडे बोट दाखवलं.

त्या संध्याकाळी आपणच मोठी हिंमत केली, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. पण माझं काय जाणार होतं? पप्पांच्या युनिफॉर्मच्या खिशावर कंपनीचं नाव होतं आणि समोर त्यांचे साहेब वळून बघत होते. पप्पा खोकत खोकत शेवटच्या ओळीपर्यंत गायले.