उसवलेलं पुस्तक

हे मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. ती गेली तेव्हा वाटलं, आता सुटलो. सुटलो कुठचा! चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, अक्षर वाकडं — पण मान कोणापुढे वाकवली नाही. आज सगळं कागदावर उतरवतो आहे.

वासुदेव रविवारी येणार आहे.

मनोहर माझा धाकटा भाऊ. बाप लवकर गेला, मीच त्याला वाढवलं. आम्ही धम्म घेतला त्यानंतर वस्तीत शिकायची धगच लागली होती. दिवसा कामाला जाणारी पाच पोरं बाहेरून बी.ए.ला बसली. त्यात मनोहर, त्यातच वासुदेव. पुस्तकं घ्यायची ऐपत कोणाची? जुनं एखादं मिळालं की त्याची शिलाई उसवायची, पाच भाग करायचे. ज्यानं त्यानं आपला भाग वाचायचा आणि संध्याकाळी आमच्या ओसरीवर बाकीच्यांना तोंडी सांगायचा.

मी मिलमधून आलो की मलाही बसवत. त्यांचा नेमच होता — दादाला कळलं तर पेपरात जमलं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? मग एकदा मनोहर म्हणाला, "दादाले समजलं म्हंजे आता दगडालेही समजते!" सगळे हसले. मीही हसलो.

त्या हसण्यावर ढकलू का सगळं? नाही. भीती त्याच्या आधीची. हा साहेब होईल, दूर राहायला जाईल — मग मी कोण? त्याचा बाप म्हणून मिरवत होतो ना मी!

परीक्षा जवळ आली आणि मनोहर काविळीनं पडला. पोरं आपापला भाग घेऊन आली, त्याला सांगायला. मी दारात आडवा आलो.

"त्यानं सोडलं गा. येऊ नका म्हणते."

"दादा, आम्ही ओसरीवरूनच सांगतो," वासुदेव म्हणाला. "त्यानं फक्त पडल्या पडल्या आयकावं."

"सोडलं म्हटलं ना!"

आत गेलो. मनोहर तापात ग्लानीत होता. त्याच्या उशाशी त्याचा भाग होता — तो उचलला आणि वासुदेवच्या हातात कोंबला.

शुद्धीवर आल्यावर मनोहरनं उशाशी चाचपलं.

"आले होते ते," मी म्हणालो. "पानं घेऊन गेले. आजारी माणसासाठी थांबत नाही म्हणे."

"वासुदेव होता?"

"होता."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं.

बरा झाला, पण विचारायला गेला नाही — माझाच भाऊ तो, तेवढाच ताठ. तेही आले नाहीत. त्यांना वाटलं, यानंच पानं परत फेकली. चौघं पास झाले. मनोहर काय वाचणार होता? त्याचा एक भाग मी देऊन टाकला, आणि बाकीचे चार त्या पोरांच्या तोंडात होते. पुढे मी त्याला मिलमध्ये लावलं, माझ्याच खात्यात. लोक म्हणाले, भावासाठी किती करते हा माणूस! मी ते ऐकून घेतलं — मानेनं होही म्हटलं.

वासुदेव पारशिवनीकडे मास्तर झाला. दिसत नव्हता, म्हणून मी जगत होतो. परवा विहारात तो मनोहरसमोर उभा राहिला. मग "जयभीम" झालं. "रविवारी येतो," वासुदेव म्हणाला. मी मागेच होतो.

तेव्हापासून रविवारच डोळ्यांपुढे येतो. दोघं बसतील, चहा होईल. एक जण विचारेल, तेव्हा काहून आला नाहीस? दुसराही तेच विचारेल. मग दोघंही माझ्याकडे पाहतील.

आज शनिवार. मनोहर आतापासूनच अंगण झाडून राहिला आहे. इतक्या वर्षांत त्याला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मघाशी म्हणाला, "दादा, उद्या मी मटण आणाले गेलो असलो, तर तूच दार उघड. बसव त्याले."

मी हो म्हणालो.