पेशी माझ्या, हात तिचे

माझ्या गाइड मॅडमनी फ्लास्क उजेडासमोर धरला. आतलं गुलाबी पाणी पिवळं, गढूळ झालं होतं. रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी आम्ही त्यात वाढवत होतो. जंतू शिरले आणि महिनाभराचं काम मातीत गेलं. आदल्या दिवशी पेशी वाढवायच्या बंद खोलीत, कल्चर रूममध्ये, आम्ही सगळेच जाऊन आलो होतो. मॅडमची नजर माझ्यावर थांबली.

"उद्यापासून कल्चर रूममध्ये तू जायचं नाही. स्वच्छतेची सवय घरातूनच यावी लागते."

मी अंगातला कोट काढून खुंटीला लावला.

घर माझं तेल्हाऱ्याचं. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल, आई अंगणवाडीत मदतनीस. आमचं आडनाव ऐकलं की लोकांना आमची वस्ती दिसते. माझी आई किती स्वच्छ राहते हे सांगायची तिथे सोय नव्हती, आणि का सांगावं?

अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही शोधत होतो, की या पेशी मरत का नाहीत. साधी पेशी बिघडली की तिला आतूनच मरायचा हुकूम मिळतो. ही पेशी तो ऐकत नाही. कुठलं प्रथिन मधे आडवं येतं, हा माझ्या पीएचडीचा विषय. माझा. पण आता माझ्या पेशी माझ्याबरोबरची सानिका वाढवणार होती आणि मी अकोल्याच्या दवाखान्यातून पेशंटचं रक्त आणून देणार होते.

"तुला त्यांची भाषा येते ना," मॅडम म्हणाल्या.

सानिका वकिलाची मुलगी. खोटं कशाला सांगू, मी तिच्यावर जळायचे. कल्चर रूमच्या काचेबाहेर उभी राहून बघायचे. हातात पिपेट, कानात गाणं, आणि तो निवांतपणा. मॅडम तिच्या डब्यात हात घालून खायच्या. माझ्या डब्यात काय आहे, हे कधी कुणी विचारलं नाही. ती वाईट असती तर बरं झालं असतं. ती चांगली होती, त्यानं जास्तच आग व्हायची. हिच्याही हातून बिघडावं, असं मनात यायचं. यायचं, तर यायचं.

अकोल्यात एका पेशंटच्या बायकोला मी समजावून सांगत होते, हे रक्त संशोधनाला लागतं म्हणून. तिनं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं,

"हे रक्त तुमीच तपासता का, बाई?"

"नाही. दुसऱ्या मॅडम आहेत."

"मंग तुमी काय करता?"

मी रक्ताच्या नळीवर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं. परतीच्या एसटीत बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसले.

लॅबमध्ये पोचले तर सानिका कपाळाला हात लावून हसत उभी. सगळे फ्लास्क गढूळ. मी त्या खोलीत कितीतरी दिवस पाऊल टाकलं नव्हतं.

"असू दे गं," मॅडम तिला म्हणाल्या. "इन्क्यूबेटरमधल्या पाण्यात बुरशी झाली असेल. बदल ते." मग माझ्याकडे वळून, "तू परवा पुन्हा अकोल्याला जा."

बस. एवढंच. तिचं घर कुणाला आठवलं नाही.

"मी नाही जात अकोल्याले," मी म्हटलं. लॅबमध्ये जपून वापरलेली पुस्तकी भाषा कुठल्या कुठे गेली. "त्या टायमाले हे पाणी काहून नाही आठवलं तुमाले?"

"भाषा सांभाळ."

"मी अंदर नाही जाचं, हे लिहून द्या. कारण लिहा. खाली सही करा."

सानिका जमिनीकडे बघत होती. कुणी कागद काढला नाही. मी कोट चढवला, हातमोजे घातले आणि पेटीतलं रक्त घेऊन आत गेले.

मॅडम आता कामापुरतंच बोलतात. गाइड बदलून घे, असे निरोप येतात. मी बदलणार नाही. सानिकाचा हेवा अजून वाटतो आणि तो मी मारत नाही. तिला चुकता येतं, आणि चुकून तिथेच उभं राहता येतं, याचा तो हेवा आहे. मला तेच पाहिजे. माझ्याही हातून पेशी बिघडतील. मी फ्लास्क फेकीन, पेशी पुन्हा लावीन. खोलीबाहेर येणार नाही.