पहिला डोस बापाचा

आमच्या घरात औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से एकाच वेगानं साठत गेले. बाटल्या भंगारवाल्यानं नेल्या. किस्से कोणी नेत नाही, म्हणून मीच वाटत फिरते.

माझी मुलगी रसिका ऑटिस्टिक आहे. नव्वदच्या दशकात सांगलीत हा शब्द उच्चारला की लोक आधी चेहरा पाडायचे आणि मग एखादा देव सुचवायचे. अशा मुलांचे आम्ही काही आईबाप दर रविवारी सकाळी विश्रामबागेतल्या एका बालवाडीच्या खोलीत जमायचो. खुर्च्याही बालवाडीच्याच, बसलं की गुडघे कानाला लागायचे. शेजारी राहणाऱ्या काकांनी एकदा येऊन तक्रार केली, "तुम्ही दुःखी माणसं ना? मग एवढं हसता कशाला? रविवारची झोप मोडते आमची."

त्यांना काय सांगणार? आत काय चालतं ते ऐकलं असतं तर तेही खुर्ची ओढून बसले असते.

* * *

आमच्यातला सगळ्यात मोठा आवाज इस्लामपूरच्या विलासरावांचा. साखर कारखान्यात नोकरीला होते. बोलायला लागले की समोरच्याला नुसतं "हं" म्हणायलाही फट मिळायची नाही. आणि त्यांचा संग्राम एक अक्षर बोलायचा नाही. देवानं वाटणी करताना काय हिशेब लावला होता कोण जाणे.

एका लग्नात कुणी तरी पाव्हणा चुकचुकत जवळ आला. "पोरगं बोलत न्हाई व्हय?"

विलासराव म्हणाले, "बोलंल की. बोलण्यासारखं माणूस अजून भेटलं न्हाई त्याला."

हे आम्हाला सांगताना ते मोठमोठ्यानं हसत होते, पण नंतर चष्मा पुसायला त्यांना बराच वेळ लागला. आम्ही सगळ्यांनी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघितलं.

* * *

याच विलासरावांनी एकदा हायवेवरून, शिरवळच्या अलीकडून, एक काळी पूड आणली. जिभेवर लावायची, मूल बोलायला लागतं अशी ख्याती. पुडी त्यांनी मधल्या टेबलावर अशी ठेवली, जणू आता संग्राम भाषणच करणार आहे.

आमच्या बैठकीला मिरजेच्या एक डॉक्टर मॅडम यायच्या, लहान मुलांच्या डॉक्टर. फी घ्यायच्या नाहीत, फक्त रागवायच्या. त्यांनी पुडी हुंगली आणि विचारलं, "तुम्ही घेऊन बघितली?"

"आवं, मी बोलतोय की."

"मग घ्या. पोराच्या जिभेला लावायची ती आधी बापाच्या जिभेला लागू दे."

विलासराव मानी माणूस. सगळ्यांदेखत त्यांनी चांगली बोटभर चाटली. पुढच्या रविवारी आले ते मफलर गुंडाळून. घसा असा बसला होता की आठवडाभर एक शब्द फुटला नव्हता. इस्लामपुरातला सगळ्यात बोलका माणूस बोलायच्या औषधानं मुका झाला होता! मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून टॉर्चनं घसा बघितला आणि पुडी कचऱ्यात टाकायला उचलली.

तेवढ्यात विलासरावांची बायको माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, टाकू नका म्हणावं. दिवाळीला यांच्या बहिणी येणार हायत, तवा लागंल."

त्या दिवसापासून आमच्यात नियमच झाला. कोणी काहीही आणो, काढा, चूर्ण, अंगारा, गोळी, मुलाला द्यायच्या आधी पहिला डोस बापाचा. आयांना का नाही, असं एका वडिलांनी विचारलं. आया आधीच सगळं चाखून बसलेल्या असतात, हे त्यांना माहीत नव्हतं.

* * *

नियम सगळ्यांना सारखा. आमच्या घरी त्याचा फटका माझ्या मिस्टरांना बसला. कुठून तरी कळलं की गहू आणि दूध बंद केलं की अशी मुलं सुधारतात. म्हणजे आधी बाबांची पोळी बंद आणि चहातलं दूधही बंद.

पोळीचं त्यांनी सोसलं. भाकरी खायचे, तोंड वाकडं करायचे, पण खायचे. काळा चहा मात्र औषधासारखा डोळे मिटून प्यायचे. मला कौतुक वाटलं, अगदी मनापासून. संध्याकाळी रसिकाला फिरायलाही तेच न्यायला लागले. मला वाटलं, नवरा सुधारला, मुलगी होईल हळूहळू.

आता रसिकाचं असं आहे की ती स्वतःचं वाक्य क्वचित बोलते. पण ऐकलेलं वाक्य मनात ठेवते आणि कधी तरी जसंच्या तसं, त्याच माणसाच्या सुरात, बाहेर काढते. बैठकीत माझे मिस्टर आहाराचा अनुभव सांगायला उभे राहिले. "मनाचा निग्रह असला की काही जड जात नाही," इथपर्यंत आले आणि कोपऱ्यातून रसिका त्यांच्याच आवाजात म्हणाली, "एक स्पेशल. साय जरा जास्त टाक. घरी सांगू नको हं."

खोलीतली एकेक आई पदर तोंडाला लावून बसली. मिस्टर अजून उभेच होते. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बसा आता. मुलीची स्मरणशक्ती उत्तम आहे, तेवढं लिहून घेते."

* * *

आता भरतभाऊ. भरत चौगुले, कुपवाडला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. बायको सुनंदा, घरात सोवळ्यात वावरणारी म्हातारी आई आणि आठ वर्षांचा अभय. अभय बोलायचा नाही, कुणाकडे बघायचा नाही, हाक मारली तर मान वळवायचा नाही. पण कुठे नळ ठिबकत असला की तिथे जायचा आणि बंद करायचा. ठिबकणारं पाणी त्याला सहन व्हायचंच नाही. नळ बंद झाला नाही तर कानावर हात ठेवून ओरडत राहायचा.

म्हणून भरतभाऊंनी एक पद्धत काढली होती. कुणाच्या घरी जायचं झालं की स्कूटरच्या डिकीत पाना आणि वॉशर. सुनंदा आणि अभय फाटकाशी थांबायचे. भरतभाऊ आधी आत जाऊन स्वयंपाकघर, न्हाणीघर, मागचं अंगण असं सगळं बघायचे, ठिबकणाऱ्या नळाचा वॉशर बदलायचे आणि मग हाक मारायचे, "या आता." लोक पेढे घेऊन जातात, हे वॉशर घेऊन जायचे. त्या वर्षांत आम्हा सगळ्यांच्या घरात एकही नळ गळत नव्हता.

साताऱ्याला त्यांच्या चुलतभावाचं लग्न होतं. एवढ्या मोठ्या कार्यालयात भरतभाऊ किती वॉशर बदलणार? पंगत उठली, माणसं खरकटे हात घेऊन नळाशी आली, तर कुठल्याच नळाला पाणी नाही. आचारी ओरडतोय, मॅनेजर पळतोय, नवरदेवाचा मामा हाताला बासुंदी लागलेली तशीच घेऊन उभा. अभयला एक नळ ठिबकताना दिसला होता. तो बंद होईना, म्हणून पठ्ठ्या पाइपाच्या मागोमाग कार्यालयाच्या पाठीमागे गेला आणि टाकीचा मोठा व्हॉल्व्हच फिरवून मोकळा झाला.

सुनंदा शरमेनं रडायला लागली. भरतभाऊंच्या आईनं मात्र सगळ्या नातेवाइकांसमोर नातवाला जवळ घेतलं. "आपण सगळी पाणी गाळून पिणारी माणसं. पण एक थेंब वाया गेला म्हणून जीव कासावीस होणारा हा एकटाच हाय. आमच्या घरात खरा जैन ह्योच."

* * *

सुनंदाचा भाऊ अमेरिकेत होता. एका रविवारी त्यानं पाठवलेला कागदांचा गठ्ठा घेऊन दोघं आली. त्यात लिहिलं होतं की अशा मुलांच्या अंगात शिसं, पारा असले धातू साठलेले असतात. चिलेशन नावाचा उपचार करायचा. सलाइनमधून औषध सोडलं की ते धातू पकडून लघवीवाटे बाहेर काढतं, आणि मूल बोलायला लागतं.

आधी केस तपासायला अमेरिकेला पाठवायचे होते. नियमाप्रमाणे सोबत बापाचेही. पण भरतभाऊंच्या डोक्यावर केस होते कुठे? शेवटी मिशीचे पाठवले. रिपोर्ट आला, तर तक्त्यात अभयच्या धातूंच्या रेघा लांब आणि बापाच्या मिशीच्या त्याहून लांब. विलासराव म्हणाले, "मग हे पोराचं दुखणं न्हाई गड्या, मिशीचं हाय. काढून टाक."

डॉक्टर मॅडमनी अभयचं रक्त तपासून घेतलं. रक्तात काहीच नव्हतं. पण कागदात लिहिलं होतं की धातू रक्तात दिसत नाहीत, आत लपून बसतात. दिसलं तर आहे, आणि नाही दिसलं तर लपलंय.

भरतभाऊ म्हणाले, "मॅडम, आमी लोखंडाचा जॉब ॲसिडात बुडवून गंज उतरवतो. तसंच की हे."

मॅडम त्या दिवशी रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "ज्याला खरंच शिशाची बाधा झालीय, त्याला हे औषध हॉस्पिटलात ठेवून, जपून देतात. अभयला तशी बाधा नाही. हे औषध धातूबरोबर अंगातलं कॅल्शियमही ओढू शकतं. ते एकदम खाली गेलं तर हृदय थांबू शकतं, भरतभाऊ. आणि ऑटिझम म्हणजे गंज नाही."

सुनंदा खाली बघत म्हणाली, "मला एकदा आई म्हणावं त्यानं. एवढंच. तेवढ्यासाठी तुमी काय केलं नसतं, बाई?"

हे तिनं मला विचारलं होतं. मी काहीही केलं असतं, आणि ते तिला माहीत होतं.

भरतभाऊ म्हणाले, "आपला नियम हाय. पहिला डोस मी घेतो. मला काय झालं तर अभयला द्यायचं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "आणि तुम्हाला काहीच झालं नाही तर?"

आमच्या नियमात एवढं मोठं भोक होतं ते आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. दणकट बापाला जे सोसेल ते आठ वर्षांच्या पोराला सोसेलच असं थोडंच आहे? खोलीत कोणी हसलं नाही. भरतभाऊंनी कागद गोळा केले. त्यांचं ठरलेलं होतं.

* * *

मुंबईचे एक डॉक्टर हा उपचार करायला महिन्यातून एकदा साताऱ्याच्या एका नर्सिंग होममध्ये यायचे. भरतभाऊंनी नंबर लावला. रसिकाला तिच्या बाबांकडे सोडून मी सुनंदासोबत निघाले. पेठ नाक्यावर विलासराव गाडीत चढले. एरवी त्यांच्या आवाजानं कऱ्हाडपर्यंत कान किटले असते, पण त्या दिवशी ते नुसते अभयकडे बघत बसले. अभय खिडकीशी, हातात वर्कशॉपमधला एक नटबोल्ट. नट वर न्यायचा, खाली आणायचा.

नर्सिंग होममध्ये शिरताना भरतभाऊंनी सवयीनं आधी आत जाऊन बेसिनचा नळ बघितला. ठीक होता. मग आम्ही आत गेलो.

डॉक्टर घाईत होते. "पेशंट कोण?"

"पोरगं. पण आधी मी."

"तुम्हाला काय होतंय?"

"काय न्हाई. पद्धत हाय आमची."

डॉक्टरांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही सगळेच ॲडमिट व्हायला आलोय. विलासराव पुढे झाले. "डॉक्टरसाहेब, तुमी घेतलंय का कवा हे?"

"मला गरज नाही त्याची."

"पोरालाबी न्हाई म्हणतात आमच्या मॅडम."

डॉक्टरांचा चेहरा उतरला, पण नाही म्हणाले नाहीत. बापाची खात्री पटली की पोराचं लगेच सुरू करता येईल, असा त्यांचा विचार असावा. अभयसाठी शेजारच्या कॉटवर स्वच्छ चादर घातलेली होती. सुनंदा त्याला घेऊन तिथे बसली. मी तिचा हात धरला. भरतभाऊ आडवे झाले. सिस्टरनी सुई लावली, बाटली टांगली, नळीवरचं छोटं चाक फिरवलं.

बाटलीखालच्या छोट्या नळकांड्यात पहिला थेंब पडला. मग दुसरा.

अभयचा हात नटबोल्टवर थांबला. त्यानं मान वर केली.

आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. अभय कॉटवरून उतरला. बाटलीखाली जाऊन उभा राहिला. बोट नळीला लावून हळूहळू खाली आणत गेला, चाक सापडलं, आणि त्यानं ते शेवटपर्यंत फिरवलं. थेंब थांबला.

सिस्टरनी चाक उघडलं. त्यानं बंद केलं. त्यांनी पुन्हा उघडलं, त्यानं पुन्हा बंद केलं. ओरडला नाही, कानावर हात ठेवले नाहीत. सिस्टरनी स्टँड उचलून कॉटच्या पलीकडच्या बाजूला नेला, तर हा वळसा घालून तिकडे गेला, बंद केलं, आणि या वेळी चाकावरचा हात काढलाच नाही. दुसरा हात बापाच्या छातीवर ठेवून उभा राहिला.

डॉक्टर म्हणाले, "मुलाला बाहेर न्या."

भरतभाऊ पडल्या पडल्या सुनंदाकडे बघायला लागले. त्यांचे डोळे भरले होते. सुनंदा उठली. मला वाटलं अभयला घेऊन बाहेर जातेय. पण ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि सिस्टरना म्हणाली,

"सुई काढा. अभय नको म्हणाला."