बेलवेदर म्हणजे आमचा मेंढा

मला इंग्रजी शब्दांचं वेड आहे. ते मी कधी लपवलं नाही. लपवायचे ते त्या शब्दांमागचं. 'हश' हा शब्द मला इतका आवडायचा की शहरात गुलमंडीवरच्या भाड्याच्या खोलीत मी तो उगाच पुटपुटत बसायचे. मैत्रिणींना सांगायचे, किती नाजूक आहे ना! खरं कारण वेगळंच. संध्याकाळी कोकरं आयांकडे सोडली की आधी नुसता कालवा होतो, मग सगळी आचळांना लागतात आणि तळावर एकदम शांतता पसरते. ती शांतता म्हणजे हश. पण हे सांगायचं तर वडील सोयगावकडे मेंढरं राखतात, हेही सांगावं लागलं असतं. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय 'शेती' लिहीत आले होते. आणि आमच्या नावावर तर घमेलंभर मातीही नव्हती.

चिकलठाण्याच्या एका कंपनीत मुलाखत होती. ही नोकरी हुकली तर खोली सोडून गावी जायचं, हे ठरलेलं. आदल्याच आठवड्यात शेअर बाजाराच्या एका बातमीत 'बेलवेदर' हा शब्द भेटला. डिक्शनरी उघडली आणि खुर्चीतून उठलेच. बेल म्हणजे घंटी, वेदर म्हणजे बडवलेला, खच्ची केलेला मेंढा. कळपापुढे चालणारा, गळ्यात घंटी बांधलेला. अहो, हा तर आमचा म्होरका! वडील कळपातला सगळ्यात शांत मेंढा हेरून त्याला घंटी बांधतात, आणि एकदा बांधली की तो विकायचा नाही, खाटीक कितीही मागे लागो. मला आभाळ ठेंगणं झालं.

मुलाखतीत साहेबांनी नवा शिकलेला एखादा इंग्रजी शब्द विचारला. बेलवेदर तोंडातून निघूनच गेला. साहेब खूश झाले. म्हणाले, बरोबर, बाजाराला दिशा दाखवणारी कंपनी. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. त्यांच्यापुढच्या फॉर्मवर 'शेती' लिहिलेलं होतंच. पण मेंढा आमचा, आणि यांनी त्याची परस्पर कंपनी करून टाकायची? मला रागच आला.

"नाही सर, मेंढा," मी म्हणाले. "माझे वडील मेंढपाळ आहेत. ती घंटी तेच बांधतात."

मग मी सुटलेच. घंटीचा आवाज कळप कसा ओळखतो, ओढा लागला की म्होरका आधी कसा उतरतो, सगळं सांगून टाकलं.

बाहेर आल्या आल्या वडिलांना फोन लावला. नोकरीचं काय होणार ठाऊक नव्हतं, तरी मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, इंग्रजबी मेंढरं राखत्यात का. राखतात म्हटल्यावर खूप हसले. मग आवाज खाली आला.

"सायबाफुडं माझं काम सांगितलंस?"

"व्हय."

"बरं झालं. तुझ्या साळंतल्या मास्तरांनी मला कवाच इचारलं व्हतं, किती एकर शेती हाय म्हणून. मी म्हनलो, हाय थोडी."